माउझरकडून शिकायचंच असेल, तर तक्रारवही मागा

सैन्यासाठी परदेशी रायफली घेण्याची बातमी आली की आपल्याकडे एक ठरलेला वाद सुरू होतो. फेब्रुवारी २०१९मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार झाला तेव्हा तो झाला, आणि आपल्याच बनावटीच्या इन्सास रायफलीचं नाव निघालं की अजूनही होतो. एक बाजू म्हणते, जर्मनांच्या रक्तातच यंत्र आहे. आपल्याकडे माउझरसारखा एकही रायफलकार जन्माला आला नाही, त्याला कोण काय करणार? दुसरी म्हणते, जन्माला आला असता तरी सरकारी कारखान्याने त्याला फायली वाहायला लावलं असतं. सगळं खासगी उद्योगाच्या हवाली करा. (ती सिग ७१६ अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमध्ये तयार होते आणि ‘सिग सावर’मधलं ‘सावर’ एवढंच काय ते १७५१ साली जर्मनीतल्या झूल गावी सुरू झालेल्या कारखान्याचं, हे या वादात कुणाच्या गावीही नसतं.) दोन्ही बाजू माउझरला साक्षीला उभं करतात आणि त्याची साक्ष न ऐकताच निकाल देऊन मोकळ्या होतात.

ती साक्ष नीट ऐकली तर दोन्ही पक्षांची अडचण होते. १८७१ ते १८९८ या सत्तावीस वर्षांत माउझरची रायफल जी घडली ती एकट्या प्रतिभेने नाही, सरकारी आश्रयाने नाही आणि भांडवलाच्या जोरावर तर नाहीच नाही. ती घडवली खडूस गिऱ्हाइकांनी. करारात सुधारणेचं कलम घालणारं, स्वतःचे तपासनीस कारखान्यात आणून बसवणारं, नाही आवडलं तर दुसऱ्या दुकानात जाण्याची धमक असणारं गिऱ्हाईक एकीकडे. आणि त्याची प्रत्येक तक्रार पुढच्या मॉडेलमध्ये उतरवल्याशिवाय ज्याचं पोट भरणार नाही असा कारखाना दुसरीकडे. या दोघांमधली ओढाताण म्हणजे माउझरचा इतिहास. आपल्याकडे उणीव आहे ती या ओढाताणीची.

आधी प्रतिभेचा मुद्दा घेऊ, कारण तो खोटा नाही. पाउल माउझर १८३८ साली नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फला जन्मला, तेरा भावंडांत शेंडेफळ. बाप तिथल्याच शाही शस्त्र-कारखान्यात बंदूक-कारागीर. पोरवयातच पाउल त्या कारखान्यात लागला आणि १८५९मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेत लुडविग्सबुर्गच्या तोफखान्यात गेला. त्या काळी प्रशियाची ड्रायझे सुई-बंदूक नावाजलेली होती. तिची सुई लांबलचक, कागदी काडतुसाच्या पोटातून आरपार जाऊन आतल्या टोपीवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या भागावर, आदळायची. स्फोटाच्या आगीत भाजून ठिसूळ व्हायची आणि मोडायची. शिवाय प्रत्येक बाराला ती वेगळ्या हालचालीने हाताने मागे ओढून ताणावी लागे. पाउलने बंदूक उघडायचा दांडा वर फिरवताच उताराच्या खाचेवरून पिन आपोआप मागे ताणली जाईल अशी रचना केली आणि ती धातूच्या काडतुसाला बसवली. एका हालचालीत दोन कामं. हे सुचायला डोकं लागतं, त्यात वादच नाही.

पण त्या डोक्याचं पुढे काय झालं? रेमिंग्टन कंपनीच्या सॅम्युएल नॉरिस नावाच्या अमेरिकन प्रतिनिधीने पाउल आणि थोरला भाऊ विल्हेल्म यांना १८६७मध्ये बेल्जियमच्या लिएजला नेलं, १८६८मध्ये अमेरिकेत पेटंटही निघालं. रेमिंग्टनला त्यात रस वाटेना, तेव्हा नॉरिसने हात वर केले आणि भाऊ रिकाम्या हाताने घरी परतले. प्रशियाने २ डिसेंबर १८७१ला त्यांची रायफल स्वीकारली ती अटीवर: सुरक्षेची कळ बसवून द्या, मग बघू. श्पांडाउच्या सरकारी शस्त्रागाराच्या मदतीने कळ बसली आणि फेब्रुवारी १८७२मध्ये शिक्कामोर्तब झालं. म्हणजे पहिल्याच रायफलीवर पहिली तक्रार आली आणि ती निस्तरल्याखेरीज ऑर्डर मिळाली नाही. ऑर्डर तरी कुणाला? रायफली बनवायचं काम सरकारी शस्त्रागारांकडे आणि मोठ्या कंपन्यांकडे गेलं. ज्यांच्या डोक्यातून ती निघाली त्यांच्या वाट्याला आलं नेमपट्ट्या, म्हणजे साइट्स, बनवून देण्याचं कंत्राट. ज्यांना ‘जर्मन अचूकतेचा’ अभिमान वाटतो त्यांनी हेही लक्षात घ्यावं, की त्या काळात प्रशियाच्या शस्त्रागारांनी एकसारखे भाग कातणारी यंत्रं घेतली ती हार्टफर्डच्या प्रॅट अँड व्हिटनीकडून. अचूकता रक्तातून आली नाही, पेट्यांत भरून अटलांटिक ओलांडून आली.

आणखी एक उदाहरण देतो. माउझर म्हटलं की आपल्याकडे आधी डोळ्यांसमोर येतं ते लाकडी म्यानाचा दस्ता होणारं, चौकोनी मॅगझिनचं पिस्तूल: सी ९६. २६ ऑगस्ट १९१४ला कलकत्त्याच्या रोडा कंपनीच्या मालातून बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं पळवली, ती हीच. काकोरीच्या कटातही माउझर होतीच. ते पिस्तूल पाउल माउझरने रचलेलं नाही. कारखान्यात काम करणाऱ्या फीडर्ले बंधूंनी ते रचलं. पेटंट मालकाच्या नावावर निघालं. प्रतिभा होती, पण ती एका माणसात साठवलेली नव्हती. दोन पिढ्या एकाच कारखान्यात घासकाम, कानसकाम, गेज (माप तपासायचं साधन) लावणं यांत मुरलेल्या गावात ती पसरलेली होती.

मग ते गाव कुणी घडवलं? इथे सरकारवादी पक्षाचा मुद्दा येतो आणि तो प्रतिभेच्या मुद्द्यापेक्षा वजनदार आहे. १८११मध्ये व्युर्टेंबर्गचा राजा फ्रीडरिश याने ओबर्नडॉर्फच्या रिकाम्या झालेल्या ऑगस्टिनियन मठात शाही शस्त्र-कारखाना काढला. तो नेपोलियनच्या गोटात होता, त्याला सैन्य पुरवायचं होतं, बंदुका हव्या होत्या. माउझर बंधूंनी तो कारखाना विकत घेतला १८७४मध्ये. मधली त्रेसष्ट वर्षं नफ्यातोट्याची फिकीर न करता सरकारने कारागीर तयार केले, त्यांच्या पोरांना कामाला लावलं, कारखाना जिवंत ठेवला. हे कुठलाही सावकार करत नाही. सरकारी कारखान्याशिवाय माउझर झाला नसता, हे मी बिनशर्त मान्य करतो.

पण मग १८८८चं काय करायचं? १८८६मध्ये फ्रान्सने धूर न होणाऱ्या दारूची ८ मिलिमीटरची लबेल रायफल आणली आणि जर्मनीची तेव्हाची माउझर रायफल, ७१/८४, एका रात्रीत जुनी झाली. बर्लिनला घाई झाली. स्वतःचा देश, स्वतःचा माउझर, स्वतःचा कारखाना, सगळं हाताशी असताना लष्कराने एक समिती नेमली. समितीने माउझरला बाजूला ठेवून मानलिखर या ऑस्ट्रियन रायफलकाराच्या धर्तीवरचं मॅगझिन, जुन्या माउझरच्या काही कल्पना आणि आपल्या पदरचं थोडं असं एकत्र शिजवलं: गेवेअर (म्हणजे रायफल) ८८. समितीत लिहिणारेही तेच, तपासणारेही तेच, स्वीकारणारेही तेच. त्याचं काय झालं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे.

बोल्ट म्हणजे काडतूस पुढे ढकलून नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग. ८८च्या बोल्टवरचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतुसाच्या बुडाची कड पकडून रिकामं कवच बाहेर ओढणारा आकडा, बोल्टच्या डोक्यात बसवलेला आणि लहान. तो काडतुसाला पकडतो ते अगदी शेवटी, बोल्ट पूर्ण पुढे जाऊन बंद होताना. आता गोळीबाराच्या गडबडीत शिपायाने बोल्ट पुढे ढकलला, काडतूस नळीच्या चेंबरमध्ये गेलं, पण दांडा खाली पाडण्याआधीच त्याने घाबरून बोल्ट मागे खेचला. आकड्याने कड पकडलेलीच नाही, त्यामुळे काडतूस आतच राहतं. पुन्हा बोल्ट पुढे: मॅगझिनमधून दुसरं काडतूस वर येतं आणि त्याची गोळी पहिल्याच्या बुडावर, नेमकी टोपीच्या जागी, जाऊन टेकते. नशीब चांगलं असेल तर रायफल अडकते. नसेल तर बोल्ट बंद झालेला नसताना बार होतो. याच्या जोडीला नळीच्या रायफलिंगच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या, खाचा उथळ होत्या. नव्या दारूच्या दाबाखाली गोळीच्या आवरणाचा धातू त्यांत साचायचा, नळ्या फुगायच्या, काही फुटायच्या. १८९६मध्ये खाचा खोल कराव्या लागल्या. नळीभोवती पोलादी पत्र्याची दुसरी नळी घातलेली होती, नेम बिघडू नये म्हणून. तिच्यात पाणी शिरलं की आतून गंज चढायचा आणि बाहेरून काही दिसायचं नाही.

या दोषांवर जर्मनीत वाद झाला तो कसा? १८९२मध्ये हेर्मान आल्वार्ट नावाच्या ज्यूद्वेष्ट्या शाळामास्तराने पत्रक काढलं, की रायफली फुटतात कारण त्या लुडविग लोवे कंपनीने बनवल्या, मालक ज्यू आहेत आणि त्यांना जर्मन सैनिक मारायचेत. ‘ज्यू बंदुका’ हा शब्द गावोगाव झाला. आल्वार्टला पाच महिन्यांची शिक्षा झाली, पण तो राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, निवडूनही आला. खाच किती खोल असावी हा प्रश्न होता. देशद्रोही कोण, यावर चर्चा झाली. आपल्याकडे रायफलीचा वाद ‘जर्मन रक्त’ आणि ‘सरकारी बाबू’ यांवर घसरतो तेव्हा मला हा आल्वार्ट आठवतो. त्याची जात वेगळी, पण खोड तीच: यंत्रातला दोष माणसाच्या जातकुळीत शोधायचा.

तिसरा पक्ष भांडवलाचा. माउझर बंधूंना कारखाना घेता आला तो व्युर्टेंबर्गच्या बँकेच्या पैशावर, आणि पुढे डिसेंबर १८८७मध्ये बहुसंख्य समभाग बर्लिनच्या याच लोवे कंपनीने घेतले. हे नसतं तर यंत्रसामग्री, मोठ्या ऑर्डरींचा बोजा, परदेशी दरबारांतली ऊठबस हे काहीच ओबर्नडॉर्फला झेपलं नसतं. खरं आहे. पण लोवेचंच भांडवल गेवेअर ८८मागे होतं आणि लोवेचंच भांडवल माउझरमागे होतं. एकाच खिशातला पैसा, यंत्रंही त्याच दर्जाची, मग एक रायफल दर दोन वर्षांनी सुधारत गेली आणि दुसरी आहे त्या खोडीत का अडकली? दोघींची गिऱ्हाइकं वेगळी होती म्हणून.

सुरुवात तुर्कांपासून. १८८७च्या आरंभी उस्मानी साम्राज्याने माउझरला पाच लाख रायफली आणि पन्नास हजार कार्बाइनची (आखूड रायफलींची) ऑर्डर दिली. ती होती ९.५ मिलिमीटरची, काळ्या दारूची. पण तुर्की अधिकाऱ्यांनी करारात एक कलम घातलं होतं: पुरवठा चालू असताना माउझरने याहून सरस काही काढलं, तर उरलेला माल त्या नव्या नमुन्याचा द्यायचा. सुमारे सव्वादोन लाख रायफली गेल्यावर ७.६५ मिलिमीटरची, बिनधुराच्या दारूची रायफल आली आणि तुर्कांनी कलमावर बोट ठेवलं. उरलेला माल १८९०च्या मॉडेलचा गेला. कारखान्याच्या बाजूने पाहिलं तर हे कलम म्हणजे गळ्याला फास: मध्येच जिग (भाग धरायचे साचे) बदला, गेज बदला, नळ्यांचे सगळे कातकाम बदला. आणि नेमका हाच फास कारखान्याला पुढे ढकलत राहिला. तुर्की तपासनीसांचं पथक ओबर्नडॉर्फमध्ये मुक्काम ठोकून होतं. त्यांनी नाकारलेल्या मालाचे पैसे मिळत नसत.

बेल्जियमने १८८९चं मॉडेल निवडलं आणि ते स्वतः बनवणार म्हणून सांगितलं. त्या दीड लाख रायफलींसाठीच हर्स्टालला एफएन ही कंपनी उभी राहिली. या मॉडेलचं मॅगझिन एका ओळीचं, दस्त्याच्या खाली डब्यासारखं लोंबणारं. आपटलं की चेपायचं, चेपलं की काडतूस वर सरकायचं नाही. १८९३मध्ये स्पेनसाठी केलेल्या मॉडेलमध्ये तो डबा गेला: पाच काडतुसं दोन ओळींत, आलटून पालटून रचलेली, दस्त्याच्या पोटात सपाट मावणारी. बाहेर काही येत नाही, चेपायला काही उरत नाही. स्पेनने त्याबरोबर घेतलेलं ७ मिलिमीटरचं काडतूस इतकं नेमकं निघालं, की लंडनच्या रिग्बी कंपनीने माउझरच्याच बोल्टवर .२७५ या नावाने ते विकलं. कुमाऊँच्या जंगलात जिम कॉर्बेटच्या हातात असलेली हलकी रायफल तीच.

स्पेनच्याच निमित्ताने, १८९२-९३च्या सुमारास, तो लांब नख्याचा एक्स्ट्रॅक्टर आला आणि ८८च्या ज्या दोषाचं वर्णन वर केलं त्याचं औषध मिळालं. पोलादाची लांब पट्टी बोल्टच्या बाहेरून, एका कड्याने अडकवलेली. बोल्ट फिरतो, पट्टी फिरत नाही. मॅगझिनमधून काडतूस वर येतानाच त्याच्या बुडाची कड या नख्याखाली सरकते. तिथून पुढे ते काडतूस बोल्टच्या ताब्यात: अर्ध्या वाटेवरून मागे खेचा, ते मागे येतं आणि बाहेर पडतं. दुसरं काडतूस पहिल्याच्या पाठीवर आदळण्याची सोयच उरत नाही. फुकट काही मिळत नाही, हेही सांगायला हवं. हे नखं बनवायला महाग, स्प्रिंगच्या पोलादाचं, पाणी बरोबर चढलं नाही तर टोक तुटतं. आणि सुटं काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून वरून बोल्ट आपटला तर नखं कडेवरून सहज चढत नाही. अशा सवयीने किती तरी नखी मोडली आहेत. रायफल नेहमी मॅगझिनमधूनच भरायची, असं जुने शस्त्रकारागीर बजावतात ते यासाठी.

स्वीडनने ६.५ मिलिमीटरची रायफल घेताना अट घातली, की ओबर्नडॉर्फला बनणाऱ्या आमच्या रायफलींना पोलाद आमच्या देशातलं वापरायचं. कारखान्याने मुकाट्याने मान्य केलं. त्या ऑर्डरीसाठी बांधलेली इमारत गावात आजही ‘श्वेडेनबाउ’, स्वीडनवाड्यासारख्या नावाने उभी आहे आणि तिच्यात शस्त्रांचं संग्रहालय आहे. जर्मन कारखान्याच्या सर्वांत देखण्या इमारतीला गिऱ्हाइकाचं नाव!

मग आलं गेवेअर ९८. लोक त्याला एक चमत्कार समजतात. प्रत्यक्षात ती आधीच्या सगळ्या तक्रारींची बेरीज आहे. त्या काळचं पितळ भरवशाचं नव्हतं. टोपी फाटली किंवा काडतुसाचं बूड चिरलं की तप्त वायू पिनच्या भोकातून मागे शिपायाच्या डोळ्यांत जायचा. ९८च्या बोल्टच्या अंगाला खालच्या बाजूने भोकं पाडली, वायू डावीकडच्या खाचेतून निसटून जावा अशी वाट दिली, आणि बोल्टच्या मागच्या टोपणाला रुंद पाख काढली, उरलासुरला वायू चेहऱ्यापासून बाजूला फेकायला. पुढच्या दोन कुलूप-लगांना, म्हणजे बोल्ट जागी अडकवून धरणाऱ्या उंचवट्यांना, आधार म्हणून मागे तिसरा लग दिला. तो रोजच्या बाराचा भार घेतच नाही. पुढचे दोन तुटले तरच अडतो. जिथे सगळ्यात जास्त ताण, ते नळी धरणारं पुढचं कडं सुमारे ३३ मिलिमीटरचं होतं, ते ३६च्या घरात नेलं. मधल्या मॉडेलांतली, बोल्ट पुढे ढकलताना पिन ताणायची पद्धत बदलून ती पहिल्या रायफलीसारखी दांडा उचलतानाच ताणली जाईल असं केलं. नळी तापून काडतूस घट्ट बसलेलं असताना पुढे ढकलायला जोर कमी पडायचा, म्हणून. ५ एप्रिल १८९८ला जर्मन लष्कराने ती स्वीकारली. तुर्क, बेल्जियन, स्पॅनिश, स्वीडिश खजिन्यांनी दहा वर्षं तिच्या चुकांचे पैसे भरले होते. जर्मनीला तयार ताट मिळालं.

या मुद्द्यावर आणखी एक गिऱ्हाईक बोलकं आहे, ते म्हणजे मार खाल्लेलं. १ जुलै १८९८ला क्युबात सान हुआनच्या टेकड्यांवर थोड्याशा स्पॅनिश शिपायांनी या १८९३ मॉडेलनिशी अमेरिकन सैन्याला चांगलंच सोलून काढलं. अमेरिकनांनी ‘आमच्या रक्तात बंदूक नाही’ असा शोक केला नाही. सरळ नक्कल केली, स्प्रिंगफील्ड १९०३ काढली, आणि पेटंटचा प्रश्न आला तेव्हा रायफलीमागे ७५ सेंट या हिशेबाने दोन लाख डॉलरपर्यंत माउझरला भरले.

भाग एकमेकांत बदलता येतात, ही माउझरची ख्याती अर्धवट आहे, हेही जाता जाता सांगतो. कारण ‘गेज लावलं की झालं’ असं समजणारे बरेच आहेत. बोल्टवर आणि रायफलीवर तोच क्रमांक ठोकलेला असायचा तो हौसेने नव्हे. बोल्टचा चेहरा आणि काडतुसाचं बूड यांतली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या हिशेबात राखावी लागते आणि शेवटचं जुळवणं हाताने होत असे. कडं वरून कडक, आतून मऊ पोलादाचं. वरचा कडक थर पातळ राहिला तर लग हळूहळू आपल्या बैठकीत रुतत जातात, फट वाढते, आणि एक दिवस काडतुसाचं कवच फाटतं. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आणून बसवणं म्हणजे ही मोजणी विसरणं. गेज हे यंत्र आहे. नकार देण्याचा अधिकार असलेला माणूस ते हातात धरतो तेव्हाच त्याचा उपयोग होतो.

माझ्या मांडणीवर सर्वांत जड आक्षेप इथे येतो. गिऱ्हाइकाचं ऐकणं हा सद्गुण असेल, तर ते गिऱ्हाईक कोण होतं? माउझरने कुणालाही विकलं. १९१४मध्ये बेल्जियन शिपाई माउझरच्या १८८९ मॉडेलने माउझरच्या ९८ला उत्तर देत होते. १९३३नंतर कारखान्याचं मुख्य गिऱ्हाईक झालं हिटलरचं राज्य. त्याचंही कारखान्याने ऐकलं आणि दुसऱ्या महायुद्धात ओबर्नडॉर्फच्या यंत्रांवर वेठीला धरून आणलेले परदेशी मजूर राबले. हे कुठल्याही तांत्रिक कौतुकाखाली झाकता येत नाही. माझा दावा नैतिक नाही, यंत्रापुरता आहे. आणि यंत्रापुरतंही १९३५ ते १९४५चा काळ काय दाखवतो? कार९८के, म्हणजे ९८चीच आखूड आवृत्ती, लाखोंनी बनली, सगळे कारखाने धरून एक कोटीच्या कितीतरी वर, पण रचना १८९८चीच. बदल झाले ते स्वस्ताईचे: चेपून काढलेले पत्र्याचे पट्टे, संगिनीची खुंटी गायब, सफाईची सळई गायब. परत आणून देणारं गिऱ्हाईकच नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, त्याच काळात माउझरच्या अभियंत्यांनी रोलरच्या आधाराने उशिरा उघडणारा बोल्ट शोधला, त्याचं काय? बरोबर आहे, शोधला. पण युद्धाच्या शेवटी तो मूठभर नमुन्यांपलीकडे गेला नाही. एप्रिल १९४५मध्ये फ्रेंच सैन्य ओबर्नडॉर्फला आलं. यंत्रं उचलून नेली, इमारती उडवल्या. लुडविग फोरग्रिमलर हा अभियंता आधी फ्रान्समध्ये आणि मग स्पेनमध्ये गेला आणि तिथे सेटमे रायफल उभी राहिली. पश्चिम जर्मनीच्या नव्या सैन्याला आधी बेल्जियमच्या एफएनची एफएएल रायफल हवी होती. जर्मनीत बनवण्याचा परवाना मिळाला नाही. माउझरची रायफल बनवायला जन्मलेल्या कंपनीने माउझरच्या देशाला नाही म्हटलं, हा काव्यगत न्यायच. मग सेटमे आणली, आणि १९४९मध्ये हेक्लर, कोख आणि झायडेल या माउझरच्या तीन जुन्या माणसांनी ओबर्नडॉर्फमध्येच, शिवणयंत्रांचे भाग आणि मोजमापाची साधनं करत, उभ्या केलेल्या कंपनीकडे तिची सुधारणा आली. १९५९मध्ये तिची जी-३ रायफल झाली. शोध ओबर्नडॉर्फचा, पण तो पिकला स्पॅनिश आणि जर्मन अशा दोन सैन्यांच्या तगाद्याखाली. कारखान्याच्या भिंती, यंत्रं, नकाशे सगळं गेलं होतं. तरी काम थांबलं नाही. आणि उलट बाजू अशी, की माउझर हे नाव आज श्रीमंत शिकाऱ्यांच्या रायफलींवर विकलं जातं, कारखाना ईस्नीला. तोफांचा धंदा ऱ्हाइनमेटालच्या पोटात गेला. नाव टिकलं म्हणजे परंपरा टिकली असं मानणाऱ्यांनी हे दोन नकाशे शेजारी ठेवून पाहावेत.

हा वाद आपल्याकडचा आहे, म्हणून आपल्या रायफलीकडे यायलाच हवं. एफएएलची आपली आवृत्ती, इशापूरची १ए१ एसएलआर, तीन दशकं चालली. तिच्या जागी आलेली इन्सास पुण्यात पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेने रचली. ती मुळातच टाकाऊ होती असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पहिल्या आवृत्तीत दोष असणं नवल नाही. माउझरच्या १८७१च्या रायफलीलाही सुरुवातीला सुरक्षेची कळ नव्हती. कारगिलच्या थंडीत प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे गेल्याच्या, तेलाचे शिंतोडे डोळ्यांत उडाल्याच्या तक्रारी आल्या. त्यांतल्या काही पुढे निस्तरल्याही गेल्या. प्रश्न वेगाचा आणि वृत्तीचा आहे. २००५मध्ये नेपाळच्या सैन्याने जाहीर तक्रार केली, की माओवाद्यांशी झालेल्या मोठ्या चकमकीत इन्सास तापून बिघडली. भारताच्या बाजूने उत्तर गेलं, की ती नीट वापरली गेली नसावी, हवं तर प्रशिक्षण देतो. असेलही वापराचा दोष. पण तुर्की तपासनीसाला ओबर्नडॉर्फने असं उत्तर दिलं असतं, तर उरलेल्या रायफलींची ऑर्डर ऑस्ट्रियातल्या श्टायरला गेली असती.

‘रायफल आता पिकलेलं तंत्रज्ञान आहे, एकोणिसाव्या शतकातल्या चुका-सुधारणांची लांबण कशाला, परवाना घ्या आणि बनवा,’ हा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो अर्धा मान्य आहे. बोल्ट पुन्हा शोधायला कुणी सांगत नाही. पण परवान्यात नकाशे येतात, नकार येत नाही. एफएननेही परवानाच घेतला होता. आज ती स्वतःच्या नावाने ओळखली जाते, कारण बेल्जियमचं सैन्य तिच्या मालाला नाही म्हणू शकत होतं. आपल्या शस्त्र-कारखान्यांच्या मंडळाचे १ ऑक्टोबर २०२१ला सात कंपन्यांमध्ये तुकडे झाले. खासगीकरणवाल्यांना वाटलं निम्मं काम झालं, सरकारवाल्यांना वाटलं घर मोडलं. दोघांनीही पाट्यांकडे पाहिलं. माल बनवणाऱ्या या कंपन्या संरक्षण उत्पादन विभागाच्या अखत्यारीत. मालाला पास-नापास करणारं गुणवत्ता हमीचं महासंचालनालयही त्याच विभागाच्या अखत्यारीत. दोघांचे वरिष्ठ एकच. ज्या शिपायाच्या खांद्याला ती रायफल लागणार त्याचं सैन्य वेगळ्या विभागात. डबा चेपतो, नखं तुटतं, मॅगझिनला तडा जातो, हे त्या शिपायाने लिहून पाठवलं की तो कागद किती टेबलांवरून जाऊन कुठल्या नकाशावर बदल म्हणून उतरतो, कोणत्या लॉटपासून लागू होतो, आणि तोवर बनलेला माल नाकारण्याची सही कुणाची चालते?